आलास्तालोचा दिवाणखाना

खेड्याविषयीं लिहिणारे लेखक बहुधा दोन वाटांनीं खेड्यांत शिरतात. पहिली वाट कींव करणाऱ्यांची. तिनें जाणाऱ्यास दारिद्र्य, कर्ज, अज्ञान आणि रोगराई एवढेंच दिसतें, आणि खेड्यांतील माणूस म्हणजे दुःख सोसणारें एक शरीर, अशी त्याची समजूत होऊन बसते. दुसरी वाट कौतुक करणाऱ्यांची. तिनें जाणाऱ्यास हिरवीं शेतें, स्वच्छ हवा आणि भोळीं माणसें दिसतात, आणि शहरांत हरवलेला चांगुलपणा येथें अजून शिल्लक आहे, ह्या आनंदांत तो डोळे मिटून घेतो. दोन्ही प्रकारचे लेखक सज्जन असतात आणि दोघांचाही हेतु चांगला असतो. परंतु दोघेही संध्याकाळच्या गाडीनें परत जाणारे पाहुणे असतात, आणि एक गोष्ट दोघांच्याही लक्षांत येत नाहीं : खेड्यांतील माणूस विचार करतो. त्याच्या मनांत हिशेब असतो, हेवा असतो, जुन्या अपमानाची आठवण असते, स्वतःची थट्टा करण्याची शक्ति असते. आणि हें सारें शहरांतील कोणत्याही विद्वानाच्या मनाइतकेंच गुंतागुंतीचें असतें.

हें सत्य पूर्ण मानून लिहिलेलीं पुस्तकें फार थोडीं. त्यांपैकीं एकाचा परिचय आज आम्ही आमच्या वाचकांस करून देणार आहों. पुस्तक दूर देशाचें आहे, भाषा अपरिचित आहे, आणि त्यांतील गांव इतकें लहान आहे कीं साध्या नकाशांत तें शोधूनही सांपडावयाचें नाहीं. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्याविषयीं सविस्तर लिहावें असें आम्हांस वाटतें.

बाल्टिक समुद्र उत्तरेकडे वळून बोथनियाच्या आखातांत शिरतो, त्या वळणाजवळ फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर कुस्तावी नांवाचा एक परगणा आहे. येथें जमीन कोठें संपते आणि समुद्र कोठें सुरू होतो हें सांगणें कठीण. कारण किनाऱ्यापुढें हजारों लहानमोठीं बेटें विखुरलेलीं आहेत, आणि त्यांच्यामधून खाड्या व सामुद्रधुन्या गेल्या आहेत. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यांत होता, आणि परगण्याचें नांवही स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव ह्याच्यावरून पडलेलें आहे. आजही येथील वस्ती हजाराच्या आसपासच आहे. तांबूस ग्रॅनाइटचे खडक, त्यांच्या फटींत उभे राहिलेले पाइन वृक्ष, खडकांच्या मधून मिळेल तेवढें शेत, आणि सगळीकडे पाणी, असें ह्या प्रदेशाचें रूप आहे. हिवाळ्यांत हें पाणी गोठतें आणि बेटाबेटांतील वाट बर्फावरून जाते. हिमयुगांतील बर्फाचें ओझें उतरल्यापासून ही भूमि हळूहळू वर येत आहे. एका शतकांत ती सुमारें अर्धा मीटर चढते. आजोबा जेथें होडी बांधीत, तेथें नातवाला गवत कापतां येतें. ज्या पुस्तकाविषयीं आम्ही बोलणार आहों त्याची गति अशाच प्रकारची आहे, म्हणून ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

अशा जागीं केवळ शेतीवर पोट भरत नसे. म्हणून येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नाखवेही होते. आपल्या रानांतील सरपण आणि आपल्या जाळ्यांतील खारवलेले मासे आपल्याच गलबतांत भरून ते स्टॉकहोमपर्यंत नेत व परत येतांना धान्य आणि मीठ आणीत. एका हातीं नांगर आणि दुसऱ्या हातीं सुकाणू, असा हा समाज होता. ह्याच समाजांत १८७४ च्या डिसेंबरांत वोल्टर किल्पी ह्याचा जन्म झाला. त्याचे वडील जहाजाचे कप्तान होते. मुलगा मात्र पुस्तकांकडे वळला. ग्रंथपालाचा व्यवसाय त्यानें पत्करला आणि पुढें तुर्कू येथील नव्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा तो प्रमुख झाला.

किल्पीच्या लेखनाचा इतिहास विलक्षण आहे. १९०० ते १९०३ ह्या काळांत त्यानें तीन पुस्तकें लिहिलीं : पहिल्याचा विषय बायबलांतील, दुसऱ्याचा मध्ययुगीन आख्यानांतील, तिसऱ्याचा रोमन काळांतील. तिन्ही सौंदर्यपूजक, अलंकृत, आणि त्याच्या जन्मभूमीपासून होतां होईल तितकीं दूर. मग जवळजवळ तीस वर्षें त्यानें एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाहीं. मध्यंतरीं त्याचे कान अधू होत गेले, आणि माणसांच्या संभाषणापासून तो हळूहळू तुटत गेला. नंतर १९३३ सालीं, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, त्यानें दोन खंडांची, नऊशेंहून अधिक पानांची एक कादंबरी लोकांपुढें ठेवली. तिचें नांव ‘आलास्तालोन सालिस्सा’, म्हणजे ‘आलास्तालोच्या दिवाणखान्यांत’. तरुणपणीं जो लेखक रोमपर्यंत हिंडून आला, तो उतारवयांत आपल्या बापजाद्यांच्या घराच्या उंबरठ्याशीं येऊन थांबला, आणि तेथेंच त्याला आपला विषय सांपडला.

कादंबरीचें कथानक एका वाक्यांत सांगतां येतें. १८६० नंतरच्या दशकांतील एका ऑक्टोबर महिन्यांत, एका गुरुवारीं, आलास्तालो नांवाच्या वाड्याचा धनी हेर्मान मात्सोन हा परगण्यांतील प्रतिष्ठित शेतकऱ्यांना आणि नाखव्यांना आपल्या घरीं बोलावतो. सर्वांनीं मिळून तीन डोलकाठ्यांचें एक मोठें जहाज बांधावें असा प्रस्ताव तो त्यांच्यापुढें ठेवतो. आणि शेवटीं करारावर सह्या होतात. एवढेंच. वादळ नाहीं, खून नाहीं, जहाज पाण्यांत सुटलेलें आपल्याला दिसतही नाहीं. सारी घटना सुमारें सहा तासांची. म्हणजे मंडळींनीं दिवाणखान्यांत जितका वेळ घालवला, त्याहून पुष्कळ अधिक वेळ तें वाचावयास लागतो.

हें ऐकून वाचक कदाचित् हंसतील. परंतु त्या सह्यांमागें काय होतें तें पाहिलें पाहिजे. मोठें जहाज ही त्या काळीं शहरांतील व्यापाऱ्यांची मालमत्ता. खेड्यांतील गलबतें बाल्टिकच्या आंत हिंडत. महासागरावर जाऊन परदेशांचीं भाडीं मिळविणें हें त्यांचें काम नव्हे, अशीच रूढि होती. क्रिमियाच्या युद्धांत १८५४ आणि १८५५ सालीं इंग्रज व फ्रेंच आरमारें बाल्टिकमध्यें शिरलीं. आलान्द बेटांवरील बोमारसुन्द हा किल्ला त्यांनीं पाडला, आणि फिनलंडच्या किनाऱ्यावरील पुष्कळ जहाजें व माल जाळला. १८५६ त तह झाल्यावर जहाजांची मागणी वाढली, आणि किनाऱ्यावरील शेतकऱ्यांच्याही मनांत मोठीं स्वप्नें येऊं लागलीं. जहाज एकट्याच्या बळावर बांधणें अशक्य. म्हणून त्याचे हिस्से पाडावयाचे, कोणी रानांतील लांकूड द्यावयाचें, कोणी पैसा द्यावयाचा, आणि नफ्याप्रमाणें बुडण्याचीही वांटणी करावयाची. आज सही करणाऱ्या प्रत्येकाला हें ठाऊक आहे कीं जहाज गेलें तर आपल्या मुलाबाळांचा वांटाही त्याबरोबर तळाशीं जाईल, आणि त्या जहाजावर कदाचित् आपलाच मुलगा असेल. एका लहान गांवानें जगांत पाऊल टाकावयाचें कीं नाहीं, हा त्या सहा तासांतला प्रश्न आहे.

आतां लेखकाच्या पद्धतीकडे वळूं. पाहुणे एकेक करून आंत येतात, आणि प्रथमच प्रश्न उभा राहतो तो बसण्याचा. दिवाणखान्यांत कोणी कोठें बसावें हें कोणी सांगत नाहीं, आणि सांगण्याची गरजही नाहीं. प्रत्येकाला आपली जागा माहीत आहे, आणि ती कोणाच्या वर व कोणाच्या खालीं आहे हेंही माहीत आहे. लांगहोल्माच्या धन्यासारखा वजनदार माणूस कोठेंही बसला तरी तीच मानाची जागा ठरते. पण पुक्किलाच्या धन्याचें तसें नाहीं. तो श्रीमंत आहे, हुशार आहे, आणि यजमानाचा हेवा त्याला क्षणभर स्वस्थ बसूं देत नाहीं. आपल्याला मिळालेल्या जागेपेक्षां एक पायरी वर सरकतां येईल काय, तें कोणाच्या लक्षांत येईल काय, आणि लक्षांत आलें तर कोण मनांत हंसेल, ह्या विचारांत त्याचा जीव गुंतलेला असतो. लग्नाच्या पंक्तींत किंवा सभेच्या पहिल्या रांगेंत ज्यानें माणसें बसतांना पाहिलीं आहेत, त्याला पुक्किला ओळखावयास वेळ लागणार नाहीं. किल्पीची थोरवी ही कीं तो पुक्किलाची थट्टा करतो, पण त्याला हलका करीत नाहीं. हेवा हाही एक प्रकारचा विचार आहे, त्यालाही तर्क आहे, इतिहास आहे, आणि रात्रीच्या वेळीं लागणारी बोंच आहे; हें सर्व तो पुक्किलाच्या मनांत उतरून दाखवितो.

पुस्तकांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग ह्यापुढें येतो. हार्कानिएमीचा धनी उठतो, भिंतीजवळच्या फळीकडे जातो, आणि तेथें मांडलेल्या तंबाखूच्या पाइपांतून आपल्यासाठीं एक निवडतो. जागेवरून उठून फळीपर्यंत जाणें आणि पाइप हातीं घेणें, एवढ्या कृतीला किल्पीनें सत्तराहून अधिक पानें दिलीं आहेत. पुस्तक न वाचलेले लोकही ह्या प्रसंगाचा उल्लेख करतात, आणि बहुतेक वेळां थट्टेनें करतात. आम्हीं तो प्रथम वाचला तेव्हां आम्हांसही मनांतून अधीरता वाटली, हें कबूल केलें पाहिजे. परंतु दुसऱ्या वाचनांत त्यांतील मर्म आम्हांस उमगलें. हार्कानिएमी हा ह्या मंडळींतील सर्वांत शहाणा व सर्वांत मोकळा माणूस. खोलींतल्या सर्वांचे डोळे त्याच्या पाठीवर आहेत, आणि त्यालाही तें ठाऊक आहे. तो किती सावकाश चालतो, हात कोणत्या पाइपकडे जातो, चांगला पाइप उचलतो कीं साधा, ह्यावरून यजमानाविषयींचें त्याचें मत सारे ओळखणार. जोंपर्यंत पाइप निवडला जात नाहीं, तोंपर्यंत मूळ विषयाला तोंड फुटणार नाहीं. म्हणजे ह्या खेड्यांतील सभेची ही प्रस्तावना आहे. शहरांतील सभेंत अध्यक्ष घंटा वाजवितो. येथें एक म्हातारा तंबाखू भरतो. आणि प्रत्येक पाइपाशीं त्याच्या मनांत जुने दिवस, जुनी माणसें जागीं होतात. अशा रीतीनें सहा तासांच्या भिंती पाडून किल्पी एका पिढीचा इतिहास त्या खोलींत आणून सोडतो.

समीक्षकांनीं ह्या पद्धतीची तुलना जेम्स जॉइस आणि मार्सेल प्रूस्त ह्यांच्या कादंबऱ्यांशीं केली आहे. ती तुलना रास्त आहे. मनाच्या आंतील प्रवाह शब्दांत धरण्याचा तिघांचाही प्रयत्न आहे. परंतु एक भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. जॉइसपुढें डब्लिनसारखें राजधानीचें शहर होतें, प्रूस्तपुढें पॅरिसचा अमीरउमरावांचा समाज होता. अशा ठिकाणच्या माणसांचीं मनें सूक्ष्म असतात हें मान्य करावयास कोणाची हरकत नसते. किल्पीनें तीच सूक्ष्मता राठ हातांच्या, थोडें बोलणाऱ्या, वर्षांतून कित्येक महिने बर्फानें वेढल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांना दिली. त्याचीं माणसें तोंडानें चार शब्द बोलतात आणि मनांत चारशें. आणि त्या न बोललेल्या शब्दांवरच कादंबरी उभी आहे. अबोल माणूस विचारशून्य असतो ह्या आपणां सुशिक्षितांच्या आवडत्या समजुतीला इतकें सविस्तर उत्तर दुसऱ्या कोणी दिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

भाषेविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. किल्पीनें आपल्या किनाऱ्याची बोली, जहाजावरील शब्द, चर्चमधील जुनी भाषा आणि स्वतः घडविलेले असंख्य शब्द ह्यांची एकत्र गुंफण केली आहे. त्याचीं वाक्यें लांब असतात. एका लाटेवर दुसरी लाट यावी तसें उपवाक्य उपवाक्यावर चढतें आणि शेवटीं किनाऱ्यास लागतें. ती भाषा डोळ्यांनीं वाचण्यापेक्षां कानांनीं ऐकण्याची आहे. येथें आम्हांस लेखकाच्या बहिरेपणाची आठवण होते, आणि त्या गोष्टीचा विचार करतां मन हेलावतें. ज्याचे कान मिटत चालले होते, त्यानें आपल्या भाषेंतील आवाजांनीं सर्वांत अधिक भरलेलें पुस्तक लिहिलें. बाहेरचे आवाज बंद झाल्यावर बालपणीं ऐकलेले आवाज त्याला अधिक स्पष्ट ऐकूं येऊं लागले असावेत. शिवाय कथेचा काळ लेखकाच्या जन्माच्या आधींचा आहे. म्हणजे तो दिवाणखाना त्यानें पाहिला नव्हता, वडील माणसांच्या तोंडून ऐकला होता. पुस्तकाचा खरा पाया ह्या ऐकण्यांत आहे.

तुलनेसाठीं फिनलंडच्या आखाताच्या दुसऱ्या तीरावर पाहावें. एस्टोनियाचा श्रेष्ठ कादंबरीकार तामसारे ह्यानें ‘सत्य आणि न्याय’ ह्या नांवाची पांच खंडांची कादंबरी १९२६ ते १९३३ ह्या काळांत प्रसिद्ध केली. तिचा शेवटचा खंड आणि किल्पीची कादंबरी एकाच वर्षांतलीं. तामसारेचें गांव किनाऱ्यापासून आंत, दलदलींत आहे. त्याच्या पहिल्या खंडांत आन्द्रेस आणि पेआरू हे दोन शेजारी जमिनीवरून, पाण्याच्या चरांवरून जन्मभर भांडतात, आणि चिखलांत राबतां राबतां आन्द्रेसच्या घरांतील प्रेम आटून जातें. तामसारे विचारतो, इतक्या कष्टांचें फळ काय? किल्पी विचारतो, इतकें धाडस आलें कोठून? एकानें खेड्याचे श्रम लिहिले, दुसऱ्यानें खेड्याचें मन लिहिलें. नैतिक खोली तामसारेची अधिक, असें आमचें मत आहे. पण माणसाच्या प्रतिष्ठेविषयींचा विश्वास किल्पीचा अधिक आहे. दोन्ही पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं तर बाल्टिकच्या उत्तरेकडील खेड्याची ओळख पुरी होते.

आतां आक्षेपांचा विचार करूं. कारण केवळ स्तुति करणें हें टीकाकाराचें काम नव्हे. पहिला आक्षेप लांबीचा. ही कादंबरी वाचली जाते त्याहून अधिक वाखाणली जाते, असें तिच्याच देशांत म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. कांहीं ठिकाणीं किल्पी आपल्याच शब्दांच्या नादांत रमतो. एकच भाव तीन प्रतिमांनीं सांगितल्यावर चौथी प्रतिमा देण्याचा मोह त्याला आवरत नाहीं. तेथें आम्ही त्याचें समर्थन करणार नाहीं. परंतु मुख्य संथपणा हा दोष नाहीं, तो पुस्तकाचा सिद्धान्त आहे. आपण ज्याला मान देतों त्याला वेळ देतों. राजाच्या मनांतील द्वंद्वासाठीं नाटककार पांच अंक खर्च करतो आणि कोणी कुरकुर करीत नाहीं. शेतकऱ्याच्या मनांतील द्वंद्वासाठीं नऊशें पानें खर्च झालीं कीं मात्र आपण घड्याळाकडे पाहतों. लहानपण त्या गांवाचें आहे कीं आपल्या घाईचें, हा प्रश्न प्रत्येक वाचकानें स्वतःला विचारावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आम्हांस पुष्कळ दिवस अस्वस्थ करीत राहिला. ह्या दिवाणखान्यांत कोण बसलेलें आहे? जमिनीचे मालक, जहाजांचे मालक, कारभारी पुरुष. निर्णय त्यांचा, हिस्से त्यांचे, मान त्यांचा. पण लांकूड तोडणारे मजूर कोठें आहेत? त्या जहाजावर शिडें चढविणारे खलाशी, कोळ्यांच्या झोपड्यांतील बायका, घरचा माणूस समुद्रानें नेल्यावर मागें राहिलेल्या विधवा, हीं माणसें कोठें आहेत? वाचकांस हेंही आठवावें कीं १८६६ ते १८६८ ह्या वर्षांत फिनलंडांत भयंकर दुष्काळ पडला आणि लोकसंख्येचा सुमारें ८ टक्के भाग उपासमारीनें व सांथींनीं मेला. म्हणजे ज्या दशकांत हे धनी पाइप ओढीत जहाजाचा विचार करीत होते, त्याच दशकांत त्यांच्याच देशांतील रस्त्यांवरून भुकेलीं कुटुंबें भटकत होतीं. खेड्यांतील माणसाला मन आहे हें सिद्ध करतांना ज्याच्यापाशीं जमीन आहे त्यालाच तें मन द्यावयाचें काय?

किल्पीला हा प्रश्न पडला होता, असें मानावयास आधार आहे. दुसऱ्याच वर्षीं, १९३४ सालीं, त्यानें एक कथासंग्रह प्रसिद्ध केला; त्याचें नांव ‘परगण्यांतील लहान माणसें’. त्यांत आलास्तालोच्या दिवाणखान्यांत ज्यांना खुर्ची मिळाली नसती अशीं माणसें येतात : खलाशाची विधवा, बर्फावरून एकटा चालणारा, बेटावरचा म्हातारा. आणि आश्चर्य हें कीं त्यांच्यासाठीं किल्पीनें आपली पद्धति बदलली नाहीं. धनिकांच्या हेव्याला जितकी बारीक नजर त्यानें दिली होती तितकीच गरीबांच्या एकटेपणाला दिली. १९३७ सालीं ‘चर्चकडे’ ही कादंबरी आली. तींत रविवारीं सकाळीं गांवकरी एका होडींतून प्रार्थनेस निघतात, आणि त्या होडींत दिवाणखान्याच्या मानानें पुष्कळ अधिक जणांना जागा आहे. हीं तिन्ही पुस्तकें मिळून एक माला होते, आणि पहिल्या पुस्तकाचा निवाडा दुसरीं दोन पाहिल्याशिवाय करूं नये. तरीही आक्षेप पूर्ण निरसला असें आम्ही म्हणणार नाहीं. मोठ्यांना नऊशें पानांची कादंबरी आणि लहानांना कथासंग्रह, ही वांटणी दिवाणखान्यांतील खुर्च्यांच्या वांटणीहून अगदींच निराळी नाहीं. किल्पी त्या घरचा मुलगा होता. उंबरठ्याबाहेरचें त्याला दिसलें, पण आंतलें त्याला अधिक दिसलें.

तिसरा आक्षेप असा कीं हें सारें गेलेल्या काळाचें गौरवगान आहे. शिडाच्या जहाजांना आगबोटींनीं हटविलें, खेड्यांतील जहाजबांधणी थांबली, आणि किल्पी लिहावयास बसला तेव्हां शेजारच्या आलान्द बेटांवरील कांहीं मालकच तेवढे मोठीं शिडाचीं जहाजें चालवीत होते. त्यांपैकीं ‘पोम्मेर्न’ हें चार डोलकाठ्यांचें जहाज आज मारिएहाम्नच्या बंदरांत संग्रहालय म्हणून उभें आहे. हा काळ संपलेला आहे हें किल्पी जाणून होता. परंतु त्याच्या पुस्तकांत हळहळ नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें. त्यानें भूतकाळाला आदर्श केलें नाहीं. त्यांतला हेवा, कंजूषपणा, ढोंग सर्व तसेंच ठेवलें. त्यानें एवढेंच केलें कीं त्या माणसांना संपूर्ण होईपर्यंत उभें केलें. गौरवगान करणारा मृतांना हार घालतो. किल्पीनें त्यांना बोलावयास वेळ दिला.

ह्या प्रयत्नाचें बाह्य फळ त्याला फारसें मिळालें नाहीं. १९३९ च्या जून महिन्यांत तो तुर्कू येथें वारला. त्याच वर्षीं नोबेल पारितोषिक फिन्निश कादंबरीकारास मिळालें, पण तो कादंबरीकार सिल्लानपा होता. त्याचीं खेडीं अधिक हळुवार आणि जगाला अधिक सुलभ होतीं. किल्पीच्या कादंबरीला दुसऱ्या भाषेंत जावयास फार काळ लागला. तिचें स्वीडिश भाषांतर टोमास वारबुर्टोन ह्यांनीं १९९७ त केलें, आणि जर्मन भाषांतर श्टेफान मोस्टर ह्यांचें २०२१ त निघालें. आतां फिन्निश भाषेंतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत तिची गणना होते, आणि कुस्तावींत दर उन्हाळ्यांत त्याच्या नांवानें साहित्याचा सप्ताह भरतो. जें गांव त्यानें शब्दांत उभें केलें, तें गांव आतां त्याच्या शब्दांमुळें ओळखलें जातें.

असो. असें पुस्तक कसें वाचावें, ह्याविषयीं एक सूचना करून आम्ही हा लेख संपवितों. तें एका बैठकींत वाचूं नये, आणि पुढें काय होतें ह्या उत्सुकतेनें तर मुळींच वाचूं नये, कारण पुढें फारसें कांहीं होत नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील एकानें पांचसहा पानें मोठ्यानें वाचावीं आणि बाकीच्यांनीं ऐकावीं; मध्येंच थांबून आपल्या ओळखींतील पुक्किला आणि हार्कानिएमी कोण, ह्याची खुशाल चर्चा करावी. अशा रीतीनें एक हिवाळा गेला तर शेवटच्या पानावर सह्या होतील तेव्हां श्रोत्यांना आपणही एक हिस्सा घेतला असें वाटेल. आणि त्यानंतर एखाद्या लहान स्टेशनावर आपली गाडी दोन मिनिटें थांबली, फलाटावर चार माणसें कांहीं न बोलतां उभीं दिसलीं, तर त्यांच्या मनांत ह्या वेळीं काय चाललें असेल, असा विचार वाचकाच्या मनांत सहज येऊन जाईल. तेवढा विचार आला म्हणजे किल्पीचीं नऊशें पानें सार्थकीं लागलीं, असें आम्ही समजूं.